सायकलवरची पाण्याची बाटली : सुरक्षित आणि टिकाऊ बाटली कशी निवडावी?

सायकलच्या सामानात पाण्याची बाटली ही सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक असते. त्यामुळे हेल्मेट, टायर किंवा ब्रेक घेताना जेवढी चौकशी केली जाते, तेवढी बाटलीबाबत केली जात नाही. दुकानदाराने सायकलसोबत दिलेली बाटली अनेक वर्षे वापरली जाते. ती हरवली तर रेल्वे स्थानकावर घेतलेली पाण्याची बाटलीच होल्डरमध्ये खोचली जाते. वास्तविक ही वस्तू तासन्‌तास उन्हात तापते, रस्त्यावरचा चिखल अंगावर घेते आणि तिच्यातील प्रत्येक घोट थेट पोटात जातो.

सायकलच्या बाटलीसंदर्भात ‘सुरक्षित’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. बाटलीतून पाण्यात अपायकारक द्रव्ये किंवा जंतू जाऊ नयेत, हा पहिला अर्थ. ती चालत्या सायकलवर एका हाताने, रस्त्यावरची नजर न हटवता वापरता यावी, हा दुसरा. अडचण अशी, की या दोन कसोट्या एकाच दिशेने नेत नाहीत. रस्त्यावर सर्वांत सोयीची ठरणारी मऊ प्लास्टिकची बाटली रासायनिक कसोटीवर सर्वोत्तम नाही. आणि रासायनिकदृष्ट्या सर्वांत निर्धोक असलेली पोलादी बाटली चालत्या सायकलवर हाताळण्यास अवघड आहे. बाटलीची निवड आणि तिचा वापर या दोहोंचा एकत्र विचार केला, तरच या पेचातून मार्ग निघतो.

मऊ बाटलीचे प्रयोजन

सायकलस्वारांसाठी बनविलेल्या बहुतेक बाटल्या कमी घनतेच्या पॉलिएथिलीनच्या, म्हणजेच एलडीपीईच्या असतात. हे प्लास्टिक लवचीक असते. बाटली दाबली की पाण्याची धार तोंडात येते आणि दाब सोडला की ती पूर्ववत फुगते. त्यामुळे मान मागे टाकावी लागत नाही. कडक बाटलीतून पिताना मात्र ती उलटी धरून डोके वर करावे लागते. वाहनांच्या गर्दीत किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावर असे दोन-तीन सेकंदही धोक्याचे ठरू शकतात.

मऊ बाटलीचा आणखी एक गुण म्हणजे ती पडली तरी सहसा फुटत नाही. स्पर्धात्मक सायकलिंगमध्येही बाटलीच्या मापाचे नियम आहेत. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमांनुसार स्पर्धेत वापरावयाच्या बाटलीची क्षमता किमान ४०० आणि कमाल ८०० मिलिलिटर असावी लागते, तर तिच्या छेदाचे माप ४ सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा १० सेंटिमीटरपेक्षा अधिक असून चालत नाही. सामान्य वापरासाठी हे बंधन नसले, तरी हाताच्या पकडीत बसणारी बाटली कोणत्या मापाची असावी, याचा अंदाज त्यावरून येतो.

तळाशी असलेला आकडा काय सांगतो

प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ यांपैकी एक आकडा असतो. १ म्हणजे पीईटी, २ म्हणजे अधिक घनतेचे पॉलिएथिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी, ४ म्हणजे एलडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे इतर सर्व प्रकार. सायकलच्या बाटलीचा मुख्य भाग साधारणतः ४ क्रमांकाचा आणि झाकण ५ क्रमांकाचे असते. २ क्रमांकाचे प्लास्टिकही पाण्यासाठी सर्रास वापरले जाते, मात्र ते अधिक कडक असते. पाण्याच्या बाटलीसाठी ३ आणि ६ हे क्रमांक टाळलेले बरे.

हा आकडा सुरक्षिततेचा दाखला मात्र नव्हे. १९८८ मध्ये ही पद्धत अमेरिकेत सुरू झाली ती पुनर्चक्रीकरणासाठी प्लास्टिकची वर्गवारी सोपी व्हावी म्हणून. ४ क्रमांकाच्या प्लास्टिकमध्ये कोणते रंग, कोणती पूरक द्रव्ये घातली आहेत, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी बाटली खाद्यपदार्थांच्या संपर्कास योग्य आहे, असा स्पष्ट उल्लेख पाहावा लागतो. अनेक आयात बाटल्यांवर त्यासाठी पेला आणि काटा-चमच्यातील काटा असे चिन्ह असते. भारतात खाद्यपदार्थांच्या संपर्कात येणाऱ्या पॉलिएथिलीनसाठी आयएस १०१४६ आणि पॉलिप्रॉपिलीनसाठी आयएस १०९१० ही मानके आहेत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या द्रव्यांची एकूण मर्यादा प्रतिकिलो ६० मिलिग्रॅम किंवा प्रति चौरस डेसिमीटर १० मिलिग्रॅम अशी ठरविली असून, रंग उतरलेला दिसता कामा नये, अशीही अट घातली आहे.

ज्या बाटलीवर निर्मात्याचे नाव नाही, प्लास्टिकचा प्रकार नाही आणि खाद्ययोग्यतेचा उल्लेखही नाही, ती कितीही आकर्षक किंवा फुकट मिळालेली असली तरी पाण्यासाठी वापरू नये. झाकण उघडून वास घेणे ही साधी परीक्षाही उपयोगी पडते. दोन-तीन वेळा धुतल्यानंतरही उग्र वास राहत असेल, तर ती बाटली परत करावी.

‘बीपीएमुक्त’ या शब्दांचा अर्थ

बाजारातील जवळपास प्रत्येक बाटलीवर आज ‘बीपीएमुक्त’ असे छापलेले आढळते. बीपीए, म्हणजे बिस्फेनॉल-ए, हे पॉलिकार्बोनेट नावाचे काचेसारखे पारदर्शक व कडक प्लास्टिक बनविण्यासाठी, तसेच धातूच्या डब्यांना आतून दिल्या जाणाऱ्या इपॉक्सी लेपासाठी वापरले जाणारे रसायन आहे. शरीरातील संप्रेरकांच्या कार्यात ते ढवळाढवळ करू शकते, हा त्यावरील मुख्य आक्षेप. युरोपीय संघाने २०११ मध्ये तान्ह्या मुलांच्या दुधाच्या बाटल्यांतून बीपीए हद्दपार केले. अमेरिकेने २०१२ मध्ये तसेच पाऊल उचलले. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बीपीएच्या दैनंदिन सेवनाची सह्य मर्यादा शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली. ही घट २०,००० पट आहे. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने अन्नाच्या संपर्कातील वस्तूंमध्ये बीपीए वापरण्यावर, संक्रमणकाळ ठेवून, बंदी जाहीर केली.

तरीही सायकलच्या मऊ बाटलीवरील ‘बीपीएमुक्त’ या शब्दांनी ग्राहकाला फारशी नवी माहिती मिळत नाही. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तयार करताना बीपीए लागतच नाही. म्हणजे जे त्यात मुळात असण्याचे कारण नाही, ते नसल्याची ही जाहिरात आहे. हा शिक्का महत्त्वाचा ठरतो तो ७ क्रमांकाच्या पारदर्शक व कडक बाटल्यांबाबत आणि आतून लेप दिलेल्या धातूच्या बाटल्यांबाबत. तिथेही बीपीएऐवजी बिस्फेनॉल-एस यासारखे त्याच कुळातील दुसरे रसायन वापरलेले असू शकते. म्हणून ‘बीपीएमुक्त’ हे शब्द वाचून चौकशी थांबवू नये.

कोपनहेगनमधील प्रयोग

मऊ क्रीडा-बाटल्यांमधून पाण्यात काय उतरते, याचा शोध डेन्मार्कमधील कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी घेतला आणि २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नव्या व वापरलेल्या बाटल्यांमध्ये नळाचे पाणी २४ तास भरून ठेवण्यात आले; भांडी धुण्याच्या यंत्रात धुण्यापूर्वी आणि धुतल्यानंतरच्या पाण्याची तपासणी झाली. प्लास्टिकशी संबंधित ४०० हून अधिक द्रव्ये पाण्यात आढळली. यंत्रात वापरल्या जाणाऱ्या साबणापासून आलेल्या द्रव्यांची संख्या तर ३,५०० हून अधिक होती. यंत्रातील उष्णता आणि तीव्र साबण यांमुळे प्लास्टिकमधून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांतही वाढ झाली.

या निष्कर्षांचा अर्थ तारतम्याने लावला पाहिजे. पाण्यात एखादे द्रव्य सापडणे आणि ते अपाय होईल एवढ्या प्रमाणात असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सापडलेल्या अनेक द्रव्यांच्या विषारीपणाचा अभ्यासच झालेला नाही, हे या संशोधकांनीही मांडले. मात्र व्यवहारासाठी या प्रयोगातून स्पष्ट सूचना मिळतात. पाणी बाटलीत २४ तास होते. सायकलस्वाराला ते तेवढा वेळ ठेवण्याची गरज नसते. धुण्याची पद्धत जितकी तीव्र, तितका प्लास्टिकवर परिणाम अधिक. आणि साबणाचा अंश काढून टाकण्यासाठी बाटली खळखळून धुणे आवश्यक आहे.

वर उल्लेखलेला पेच इथेच सुटतो. मऊ बाटली ही पाणी साठविण्याचे भांडे नव्हे. ती पाणी पिण्याचे साधन आहे. साठवण माठात, काचेत किंवा पोलादात असावी. मऊ बाटली निघण्यापूर्वी भरावी, वाटेत रिकामी करावी आणि परतल्यावर उरलेले पाणी झाडांना घालावे. आदल्या रात्री भरून ठेवण्याची सवय सोडली, तर प्लास्टिक आणि पाणी यांच्या संपर्काचा काळ बराच कमी होतो.

विकतच्या पाण्याची बाटली पुन्हा वापरावी का

एकदाच वापरण्यासाठी बनविलेल्या पीईटी बाटल्या अनेक जण महिनोन्‌महिने वापरतात. या प्लास्टिकच्या निर्मितीत अँटिमनी या धातूचे संयुग वापरले जाते आणि उष्णतेने त्याचा अंश पाण्यात उतरतो. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या २००८ मधील अभ्यासात असे दिसले, की पाण्यातील अँटिमनीने तेथील ६ भाग प्रतिअब्ज ही मर्यादा ओलांडण्यास ६० अंश सेल्सिअस तापमानाला १७६ दिवस लागले, तर ८० अंशांना अवघे २.३ दिवस. म्हणजे सावलीत ठेवलेल्या बाटलीची धास्ती घेण्याचे कारण नाही. पण उष्णता वाढते तसा वेग किती झपाट्याने वाढतो, हे या आकड्यांवरून ध्यानात येते. बंद मोटारीत किंवा उन्हातल्या छपराखाली बाटल्या साठवून ठेवू नयेत, तो याचसाठी.

सायकलच्या दृष्टीने या बाटल्यांचे इतर दोषच अधिक ठळक आहेत. त्यांचे तोंड अरुंद असल्याने आतून घासता येत नाही. भिंत पातळ असल्याने चुण्या पडतात आणि त्यांत मळ साचतो. त्या होल्डरच्या मापाच्या नसल्याने धक्क्याने उडून पडतात. गटाने सायकल चालविताना पुढच्याची उडालेली बाटली मागच्याच्या चाकाखाली आली, तर गंभीर अपघात होऊ शकतो.

पोलाद, ॲल्युमिनियम आणि तांबे

स्टेनलेस स्टीलच्या बाटलीला वास धरत नाही, प्लास्टिकची द्रव्ये पाण्यात उतरण्याचा प्रश्न पाण्याला लागणाऱ्या भागापुरता तरी राहत नाही आणि ती अनेक वर्षे टिकते. पाण्यासाठी ३०४ प्रतीचे स्टील चांगले मानले जाते; त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ही प्रत लोहचुंबकाने ओळखता येते, असा समज आहे. तो पुरेसा बरोबर नाही. कमी निकेलचे २०१ किंवा २०२ प्रतीचे स्टीलही चुंबकाला जवळपास चिकटत नाही. उलट बाटलीचा आकार देताना ताणलेले अस्सल ३०४ स्टील किंचित चिकटू शकते.

त्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह. तांबे, स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम यांच्या पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी आयएस १७८०३ हे मानक असून, केंद्र सरकारने २०२३ मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून ते बंधनकारक करण्याचे पाऊल उचलले. निर्वात थर असलेल्या स्टीलच्या बाटल्यांसाठी आयएस १७५२६ हे स्वतंत्र मानक आहे. चिन्हाजवळ छापलेला परवाना क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर टाकून तपासता येतो. केवळ चिन्ह छापलेले आहे, एवढ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा हा अर्धा मिनिट खर्च करणे हिताचे.

सायकलवर मात्र पोलादी बाटलीच्या मर्यादा जाणवतात. ती दाबता येत नाही, वजनाला जड असते, होल्डरमध्ये खडखडते आणि प्लास्टिकच्या किंवा कार्बनच्या होल्डरला घासून झिजवते. दुहेरी भिंतीची बाटली पाणी दिवसभर गार ठेवते, पण त्याच आकाराच्या साध्या बाटलीपेक्षा त्यात पाणी कमी मावते. कार्यालयात किंवा महाविद्यालयात सायकलने जाणाऱ्यांसाठी, थांबून पाणी पिणाऱ्यांसाठी ती उत्तम. वेगाने व सलग चालविणाऱ्यांनी ती पाठपिशवीत किंवा कॅरिअरवरील पिशवीत साठ्यासाठी ठेवावी.

ॲल्युमिनियमची बाटली हलकी असते, मात्र तिला आतून लेप आवश्यक असतो. हा लेप कशाचा आहे, हे विचारणे ग्राहकाचा हक्क आहे. एका प्रसिद्ध परदेशी कंपनीच्या ऑगस्ट २००८ पूर्वीच्या बाटल्यांच्या लेपात बीपीएचा अंश होता, हे २००९ मध्ये उघड झाले होते. पोचा पडून लेप तडकला, की अशी बाटली बाद करावी. तांब्याची बाटली घरी पाणी ठेवण्यास ठीक. पण ती चटकन पोचते, आणि लिंबू सरबत, कोकम सरबत किंवा ताक यांसारखी आंबट पेये तिच्यात ठेवणे धोक्याचे आहे, कारण आम्लामुळे तांबे पेयात उतरते. सायकलवर अशी पेये नेणाऱ्यांनी तांब्याचा विचार करू नये.

माप आणि होल्डर

सायकलच्या प्रचलित होल्डरमध्ये सुमारे ७४ मिलिमीटर व्यासाची बाटली बसते. बाटलीच्या मध्यभागी किंवा वरच्या भागात असलेली खाच होल्डरच्या आकड्यात अडकते. तीच बाटली धरून ठेवते. खरेदीच्या वेळी बाटली पाण्याने भरून, होल्डरमध्ये बसवून सायकल हाताने दोन-तीनदा आपटून पाहावी. ती वर सरकत असेल तर होल्डर किंवा बाटली बदलावी. मोठ्या क्षमतेची उंच बाटली लहान चौकटीच्या सायकलमध्ये काढता-घालता येत नाही, हेही आधीच तपासावे.

तासाभराच्या फेरीसाठी ५०० ते ६०० मिलिलिटरची एक बाटली बहुधा पुरते. मात्र उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ, राजस्थान किंवा तेलंगणातील उष्णतेत, घामाचे प्रमाण तासाला एक लिटरच्याही पुढे जाऊ शकते. दीर्घ पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ सायकलिंगमध्ये २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते; अशा प्रवासात ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या, एकीत साधे पाणी आणि दुसरीत मीठ-साखरेचे पेय, ही व्यवस्था सोयीची ठरते. दोहोंच्या झाकणांचे रंग वेगळे असावेत, म्हणजे चालत्या सायकलवर गोंधळ होत नाही. झाकणाचे तोंड रुंद असावे. त्यातून बर्फ घालता येतो आणि ब्रश आत जातो.

झाकणाकडे दुर्लक्ष नको

बाटलीविषयीची बहुतेक चर्चा रसायनांभोवती फिरते. पण सायकलस्वाराला तातडीने आजारी पाडण्याची शक्यता रसायनांपेक्षा जंतूंची अधिक असते. बाटली चौकटीच्या खालच्या दांड्यावर, पुढच्या चाकाच्या मागे असते. चाकाने उडविलेला चिखल, शेण आणि सांडपाणी थेट तिच्या तोटीवर येते.

हा धोका काल्पनिक नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जून २००७ मध्ये झालेल्या डोंगरी सायकल शर्यतीनंतर २०० हून अधिक स्पर्धकांना जुलाबाचा त्रास झाला. तपासात कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळला आणि मार्गावरील दूषित चिखल तोंडात गेल्याचे कारण पुढे आले. पावसाळ्यात सह्याद्रीतील घाटरस्त्यांवर, कोकणात किंवा गोव्यात सायकल सहलींना निघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

म्हणून तोटीवर टोपण असलेली बाटली निवडावी. टोपण झाकणाला जोडलेले असावे, म्हणजे ते हरवत नाही. दातांनी ओढून उघडण्याच्या तोटीपेक्षा दाबल्यावरच धार सोडणारी, आपोआप बंद होणारी झडप अधिक सोयीची. मात्र ती सुटी करून धुता येते ना, हे पाहावे. टोपण नसेल तर पहिली धार जमिनीवर सोडून तोटी धुऊन घ्यावी आणि मग प्यावे. पुढच्या चाकाला मडगार्ड लावणे हाही बाटली स्वच्छ ठेवण्याचाच एक उपाय आहे.

स्वच्छता आणि आयुष्य

बाटली वापरल्याच्या दिवशीच कोमट पाणी, सौम्य साबण आणि लांब दांड्याचा ब्रश वापरून धुवावी, साबण पूर्ण जाईपर्यंत खळखळावी आणि झाकण न लावता उपडी ठेवून वाळवावी. ओलसर बाटलीचे झाकण लावून ठेवणे, हे बुरशीचे सर्वांत मोठे कारण आहे. झाकणातील रबरी रिंग आणि झडप आठवड्यातून एकदा काढून स्वच्छ करावी. काळे ठिपके बहुधा तिथेच दिसतात. गोड पेयानंतर ही काळजी दुप्पट घ्यावी. वास घालविण्यासाठी खाण्याचा सोडा घातलेले पाणी काही तास ठेवून बाटली पुन्हा धुवावी. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. स्टीलच्या बाटलीत ब्लीच वापरूच नये. त्याने धातूला बारीक खड्डे पडतात.

मऊ बाटलीत उकळते पाणी ओतू नये. एलडीपीई सुमारे १०५ ते ११५ अंशांच्या दरम्यान वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. सायकल उन्हात उभी करायची असेल, तर बाटली सोबत घ्यावी किंवा सावलीत ठेवावी. सूर्यप्रकाशाने प्लास्टिक हळूहळू ठिसूळ होते.

बाटली बदलण्याची ठरावीक तारीख नसते, पण लक्षणे स्पष्ट असतात. दुमडलेल्या जागी पांढरट रेषा, आतील खोल ओरखडे, चिकटपणा, न जाणारा वास, धुऊनही न निघणारे काळे डाग किंवा दाबल्यावर पूर्ववत न होणारा आकार, यांपैकी काहीही दिसले तर बाटली बदलावी. टिकाऊपणाचा विचार करताना आणखी एक प्रश्न दुकानदाराला विचारावा : सुटे झाकण आणि रिंग मिळते का? बाटलीआधी बहुधा झाकणच खराब होते, आणि ते स्वतंत्र मिळत असेल तर चांगली बाटली फेकावी लागत नाही.

निवड करताना

सलग व वेगाने सायकल चालविणाऱ्यांनी ४ किंवा ५ क्रमांकाची, खाद्ययोग्यतेचा स्पष्ट उल्लेख असलेली, टोपणाची मऊ बाटली घ्यावी. ती निघताना भरावी, हाताने धुवावी आणि खराब होताच बदलावी. रोजच्या ये-जा करणाऱ्यांनी व थांबून पाणी पिणाऱ्यांनी आयएसआय चिन्हाची स्टीलची बाटली घ्यावी आणि ती होल्डरमध्ये घट्ट बसते याची खात्री करावी. मुलांच्या सायकलसाठी लहान, हलकी आणि सहज उघडणारी बाटली योग्य. चालत्या सायकलवर पाणी पिण्याऐवजी त्यांना थांबून पिण्याची सवय लावावी.

बाटली महाग असलीच पाहिजे असे नाही. निर्माता, पदार्थ आणि मानक यांची माहिती तिच्यावर असावी, ती होल्डरमधून उडू नये आणि तिचा प्रत्येक भाग सुटा करून धुता यावा. या तीन अटी पूर्ण करणारी बाटली साध्या दुकानातही मिळू शकते.